अश्वत्थाम्याचं नवं हेड

असीरगडच्या पंचक्रोशीत अश्वत्थामा न पाहिलेला माणूस सापडणं अवघड. स्वतः पाहिला नसेल, तर चुलत मेहुण्याने तरी पाहिलेला असतोच. वर्णन सगळ्यांचं एकच. धिप्पाड देह, कपाळावर मणी उपटून काढल्याची भळभळती जखम, आणि रात्री-अपरात्री दारात उभं राहून एकच मागणं : जखमेवर घालायला थोडं तेल द्या. किल्ल्यावरच्या महादेवाच्या पिंडीवर पहाटे सगळ्यांच्या आधी ताजं फूल वाहिलेलं असतं, तेही त्याचंच म्हणे. त्याला पाहणारा वेडा होतो अशीही समजूत आहे. पाहिल्याचं सांगणाऱ्यांची संख्या बघता ती मला खरी वाटू लागली आहे.

मला त्यासाठी किल्ला चढावा लागला नाही. मामाच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये तो दिवसाढवळ्या उभा असायचा. रंग लाल, चाकं चार, सिलिंडर चार. केळीचे घड ओढायचा, नांगर ओढायचा, लग्नसराईत ट्रॉलीभर वऱ्हाड ओढायचा आणि रोज सकाळी तेल मागायचा. डिझेलचं म्हणत नाही मी, ते सगळेच मागतात. याला इंजिन ऑइल लागायचं. मामीचा हिशेब असा होता, की घरात शेंगदाण्याचं तेल महिन्याला येतं ते माणसांना पुरतं, आणि पत्र्याच्या डब्यातलं येतं ते एकट्या ट्रॅक्टरला पुरत नाही.

सकाळी तो सुरू झाला की सायलेन्सरमधून निळा धूर निघायचा आणि समोरचं घर काही काळ नाहीसं व्हायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे तेल जळतंय, एवढं शास्त्र इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या चहावाल्यालाही येतं. व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत खालीवर होतो ते गाईड झिजलं, की वरचं तेल दांड्यावरून ओघळत थेट सिलिंडरात उतरतं. मामाला हे कुणीही समजावून सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं.

"तेल पेतं म्हनजे जितं हाये ना!"

पुढे एका उन्हाळ्यात, भरलेली ट्रॉली घेऊन चढावर असताना रेडिएटरमधलं पाणी संपलं. इंजिन लालबुंद झालं. मामाने दयाबुद्धीने विहिरीचं गारेगार पाणी आणून त्यात ओतलं. तापल्या बिडावर गार पाणी पडलं की काय होतं, हे सातवीच्या विज्ञानात असतं. मामा सहावीत शाळा सोडून केळी लावायला गेला होता. आतून एक बारीकसा आवाज आला, आणि अश्वत्थाम्याच्या डोक्याला खरोखरच जखम झाली.

महामार्गाच्या कडेला ज्यांचं गॅरेज आहे त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी हेड उतरवलं, उलटं केलं, डिझेलच्या बोळ्याने पुसलं आणि इनलेट आणि एक्झॉस्टच्या सीटच्या मधल्या चिंचोळ्या पुलावर नख फिरवलं. भेग केसाएवढी होती.

"पाटीलसाब, ये हेड नहीं, छलनी है."

"वेल्डिंग नाही होणार?"

बिडाला वेल्डिंग होतं, पण सीटच्या मधोमध केलेलं टिकेल याची हमी उस्ताद देईनात. मामाने मग निम्मं वेल्डिंग करता येईल का, असं विचारलं. निम्मं काम, निम्मे पैसे. उस्तादांनी उत्तर न देता चहा मागवला. या भागात घासाघीस संपल्याची ती खूण असते.

नवं हेड आलं ते खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, गंज चढू नये म्हणून तेल चोपडून. (मामा हळूच म्हणाला, "हे तर येतानाच पिऊन आलं.") गाईड आणि सीट बसवलेली, पण व्हॉल्व्ह नाहीत. आठ भोकं, रिकामी. दुकानदार म्हणाला व्हॉल्व्ह वेगळे, स्प्रिंग वेगळी, सील वेगळे, गॅस्केट वेगळं. मामाला हा शुद्ध दगा वाटला. नवं हेड आणि जुने व्हॉल्व्ह असा तोडगा त्याने काढला. जुने व्हॉल्व्ह उस्तादांनी ओळीने मांडून दाखवले. एकाच्या दांड्यावर बोट फिरवलं तर मधे खळगा लागत होता, दुसऱ्याची कडा झिजून सुरीसारखी झाली होती, एक्झॉस्टच्या तोंडावर देवीचे व्रण असावेत तशा खाचा. मामा त्यांच्याकडे बघत राहिला. ही माणसं इतकी वर्षं आपल्याकडे कामाला होती आणि आपण त्यांना एकदाही बघायला आलो नाही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग त्याने नव्यांचे पैसे मोजले.

खरं तर व्हॉल्व्हच्या नोकरीचा कुणी विचार करत नाही. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह हजार वेळा उघडतो आणि हजार वेळा मिटतो. तासाला साठ हजार. इनलेटचं नशीब जरा बरं, त्याला येणारी हवा तरी गार लागते. एक्झॉस्टवाल्याच्या वाट्याला फक्त आग. त्याचं तोंड सातशे अंशांच्या घरात तापतं, आणि ती उष्णता उतरवायला त्याला एकच मुख्य जागा आहे : मिटल्यावर सीटला टेकतो तेवढा क्षण. टेकणं नीट झालं नाही की कडा जळते. सॅम हेरॉन नावाच्या इंजिनियरने विमानाच्या व्हॉल्व्हचा दांडा पोकळ करून त्यात सोडियम भरलं. ते 98 अंशांना वितळतं आणि आतल्या आत हिंदकळत उष्णता वर नेतं. 1927 मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने गेला तो असल्या व्हॉल्व्हच्या इंजिनावर, साडेतेहतीस तास, मधे कुठेही न थांबता. हे मी गॅरेजमध्ये सांगितलं. उस्तादांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "उतरने के बाद टैपेट चेक किए?"

मला माहीत नव्हतं. उस्तादांचा लिंडबर्गवरचा विश्वास तिथेच संपला.

आता घासणं. नवं हेड, नवे व्हॉल्व्ह, तर नुसते टाकून मोकळं व्हावं, असं मामासारख्या सरळ माणसाला वाटणारच. पण नवा व्हॉल्व्ह नव्या सीटला अनोळखी असतो. दोघांच्या कडा पंचेचाळीस अंशांत कापलेल्या असल्या, तरी कारखान्याचा पंचेचाळीस आणि दुसऱ्या कारखान्याचा पंचेचाळीस यांत केसाचा फरक निघतो, आणि त्या केसातून दाब निसटतो. म्हणून कडेला बोटाने घासायची पेस्ट लावायची, दांड्याला तेलाचं बोट, व्हॉल्व्ह गाईडमध्ये सोडायचा, रबराची वाटी लावलेली लाकडी काठी त्याच्या तोंडावर चिकटवायची आणि दोन तळहातांत ती काठी धरून ताक घुसळल्यासारखी उलटसुलट फिरवायची. मधेच व्हॉल्व्ह उचलायचा, थोडा फिरवून दुसऱ्या जागी टेकवायचा, पुन्हा घुसळायचं. आधी जाड पेस्ट, मग बारीक. सुरुवातीला खर्रखर्र आवाज येतो. पेस्ट दळली जाते तसा तो मऊ होत जातो आणि शेवटी रेशमावर नख ओढल्यासारखा सूं सूं राहतो. उस्ताद डोळे मिटून हे ऐकतात. त्यांच्या मुलाने एकदा मोबाइल लावला तेव्हा त्यांनी पाना उगारला होता.

हे काम इतकं संथ आणि इतकं सोपं दिसणारं आहे, की रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबल्याशिवाय राहवत नाही. नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका रोज येऊन स्टुलावर बसायचे. देशात वर्तमानपत्राचा कागद पहिल्यांदा त्यांच्या कारखान्यात निघाला, त्यामुळे कुठल्याही यंत्राविषयी पहिलं मत देणं हा त्यांना कारखान्याचाच नियम वाटायचा. "आमच्या प्लांटमध्ये," ते सुरुवात करायचे, आणि उस्ताद काठीचा वेग वाढवायचे. एक पॉवरलूमवाला बुऱ्हाणपूरहून दुसऱ्याच कामासाठी आला होता. तो म्हणाला, लूममध्ये असं काही नसतं, धागा तुटला की गाठ मारायची. एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाचं कौतुक लावलं : एकच सिलिंडर, दोनच व्हॉल्व्ह, घरचा पोरगा जेवणाआधी घासून बसवतो. हे शेतकऱ्याचं खरं होतं. किर्लोस्करांनी 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी काढली, आणि तापीकाठच्या कित्येक बागा त्या एकसुरी टुकटुक आवाजावर वाढल्या. आवाजावरून कुणाच्या मळ्यात पाणी चालू आहे ते घरबसल्या कळायचं. पाण्याची चोरीही त्यामुळे अवघड होती.

प्रत्येक जण येऊन काठी एकदा हातात घेऊन बघे. उस्ताद देत. पाच मिनिटांत तळहात भाजल्यासारखे होत आणि माणूस "छान चाललंय" म्हणून काठी परत करी. उस्तादांची पोरं त्या अवधीत चहा पिऊन घेत. मला वाटतं गॅरेजमधल्या बघ्यांचा हा एवढाच उपयोग असतो आणि तो कमी नाही.

घासून झालं की कडेभोवती राखाडी रंगाची अखंड बांगडी दिसली पाहिजे. फार रुंद नको, फार चिंचोळी नको, आणि मधे कुठे तुटलेली तर नकोच. मग धुणं. ज्या गॅरेजमधला चहाचा ग्लास किल्ल्याच्या बांधकामाच्या वेळचा असावा अशी शंका येत होती, तिथे ते हेड डिझेलने, मग साबणाने, मग हवेच्या प्रेशरने इतक्या वेळा धुतलं गेलं की मामी बघायला यायला हवी होती. पेस्टचा एक कण गाईडमध्ये राहिला तर तो आत बसून नवं गाईड खात राहील आणि वर्षभरात पुन्हा निळा धूर. व्हॉल्व्ह कुठल्या भोकाचा कुठला तेही मिसळायचं नाही. उस्ताद प्रत्येकाच्या डोक्यावर पंचने ठिपके मारतात : एक ठिपका, दोन ठिपके. एकदा ज्या सीटशी घासला त्याच सीटवर त्याने आयुष्य काढायचं.

मग परीक्षा. हेड आडवं करून वरच्या वाटेने रॉकेल ओतायचं आणि खालच्या बाजूने व्हॉल्व्हची कड ओली होते का ते बघायचं. रॉकेल आता मिळत नाही म्हणून उस्ताद पेट्रोल वापरतात. पेट्रोल जास्त पातळ, म्हणजे परीक्षाही जास्त कडक. सगळे बिड्या विझवून वाकले. सात कोरडे. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टशी एक थेंब हळूच फुगला.

"पुन्हा घासा," काका म्हणाले. उस्ताद आधीच पेस्ट उघडत होते.

ते घुसळत असताना माझी नजर समोरच्या किल्ल्यावर गेली. पायथ्यापासून अडीचशे मीटर उंच कडा, त्यावर तटाच्या आत तट. नर्मदेकडून तापीकडे उतरायची वाट याच्याच अंगाखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणायचे. गॅरेजमध्ये बसून बघितलं की तो दरवाजा कमी आणि व्हॉल्व्ह जास्त वाटतो. उत्तरेचा दाब एका बाजूला, दक्षिणेचा दुसऱ्या बाजूला, आणि मधे हा मिटून बसलेला. गळती मात्र नेहमी टेकायच्या जागीच झाली. आसा अहिराने किल्ला बांधला. फारुकी घराण्याच्या नासिर खानाने त्याला निरोप पाठवला, आमच्या घरच्या बायकांना आसरा द्या. आसाने दार उघडलं, पालख्या आत आल्या आणि पालख्यांतून तलवारी उतरल्या. इतिहासकार फरिश्त्याने ही हकीगत लिहून ठेवली आहे. इनलेट उघडताना आत काय येतंय ते बघावं, एवढीच आसाची चूक. पुढे 1601 मध्ये अकबराला किल्ला मिळाला. बादशहाने सोन्याच्या किल्ल्या वापरल्या, असं आजही बोलतात. अकबराने मग मुलाच्या, दानियालच्या नावावरून खानदेशचं दानदेश केलं. ते नाव काही इथल्या सीटवर बसलं नाही. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने किल्ला पेशव्यांच्या हवाली केला, कागदावर सही करून. 1803 मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांकडून घेतला, त्याच वर्षीच्या तहात परत केला, आणि 1819 मध्ये तोफा लावून पुन्हा घेतला. तोफा लावणं म्हणजे हातोड्याने हेड काढणं. उस्तादांनी असं काम घेतलं नसतं.

"सूखा है," उस्ताद म्हणाले. तिसऱ्याचा थेंब गेला होता.

शेवटचं काम लॉक बसवण्याचं. व्हॉल्व्ह खालून, स्प्रिंग वरून, तिच्यावर टोपी. शिकंज्याने स्प्रिंग दाबून धरायची आणि दांड्याच्या खाचेत दोन अर्धगोल लॉक सरकवायचे. नखाएवढे तुकडे. हेच दोन तुकडे व्हॉल्व्हला लटकवून ठेवतात. ते सुटले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर पडतो आणि मग मामाला नवं हेड नव्हे, नवा ट्रॅक्टरच घ्यावा लागतो. सहावा व्हॉल्व्ह लावताना शिकंजा किंचित घसरला. टिंग असा आवाज झाला आणि एक लॉक नाहीसा झाला.

नेमक्या त्याच वेळी मामेभाऊ बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी घेऊन आला होता आणि पुडा उघडा होता.

"कोई चबाएगा नहीं!" उस्ताद ओरडले.

अर्धी जिलेबी तोंडात असलेली सात-आठ माणसं जागच्या जागी थिजली. पाक ओघळून कोपरापर्यंत आला तरी कुणी हललं नाही. मावा जिलेबीइतका गडद काळपट पाक दुसऱ्या कशाचा नसतो, त्यात लॉक बुडाला असता तर तो पोटाच्या एक्स-रेमध्येच सापडला असता. उस्ताद दोरीला बांधलेला लोहचुंबक घेऊन पुड्यावरून, फरशीवरून, टायरमागून फिरले. मग एकेकाला उभं करून झडती. लॉक निघाला काकांच्या पँटच्या दुमडीत. "आमच्या प्लांटमध्ये," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलले नाहीत.

हेड चढलं. नट मधल्यापासून सुरू करून बाहेर बाहेर कसायचे, एकदम नाही, दोन-तीन टप्प्यांत. नाहीतर हेड एका बाजूला दबतं आणि गॅस्केट दुसऱ्या बाजूने सुटतं. उस्तादांकडे टॉर्क पाना आहे आणि त्याला ते तिजोरीतल्या दागिन्यासारखं फडक्यात गुंडाळून ठेवतात. मामाचं म्हणणं होतं की हातात ताकद असल्यावर काट्याची काय गरज. टॅपेटच्या गॅपवर तर सार्वजनिक चर्चा झाली. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात काही हजारांश इंच फट ठेवायची, कारण तापला की दांडा वाढतो. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जास्त असेल तर खडखडतो. उस्ताद फिलर गेजने मापत होते. कुणी म्हणालं हॅकसॉचं पातं चालतं. एका म्हाताऱ्याने लग्नपत्रिका सुचवली, त्याच्या तरुणपणी ती चालायची. पण पत्रिकेची जाडी मुलीच्या बापाच्या ऐपतीवर ठरत असल्यामुळे गावातल्या ट्रॅक्टरांचे आवाज वेगवेगळे यायचे.

सुरू झाला. पहिल्याच फिरकीला. निळा धूर नाही, समोरचं घर जागच्या जागी. आवाज असा, की मामाने दोनदा उस्तादांना विचारलं, चालू आहे ना? पुढचे काही दिवस तो रोज सकाळी डिपस्टिक काढून बघायचा आणि पट्टी आडवी धरून माझ्या तोंडासमोर आणायचा. तेल होतं तिथेच. मामा अस्वस्थ झाला. इतकी वर्षं जो मागत होता तो मागत नाही, म्हणजे कुठेतरी बिघाड असणार. एकदा तर त्याने सवयीने पाव लीटर ओतलंच. मग जास्त झालं म्हणून खालून काढलं. मामीने ते लोखंडी दाराच्या बिजागऱ्यांना लावलं.

आता एकच काम उरलं होतं. इंजिन काही तास चाललं की गॅस्केट दबतं, म्हणून थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसायचे आणि टॅपेट पुन्हा बघायचे. उस्तादांनी ट्रॅक्टर देतानाच बजावलं होतं आणि बिलात त्याचे पैसेही धरले नव्हते. पण मामाचा एक सिद्धांत आहे. "चालत्या गाडीले हात लावू नये." त्यामुळे तो केळीची ट्रॉली घेऊन गॅरेजसमोरून जाईना. कालव्याच्या कच्च्या रस्त्याने लांबचा फेरा मारून महामार्गाला लागायचा. ट्रॅक्टर वाचवायला जितकं डिझेल जाळलं त्यात टॉर्क पाना विकत आला असता, पण तो हिशेब मामीही बोलून दाखवत नव्हती.

शेवटी उस्ताद स्वतः निघाले. त्यांची राजदूत आहे, टू-स्ट्रोक. तिच्यात हे असले व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे तिच्यावर बसून ते जगातल्या सगळ्या व्हॉल्व्हांची चिंता मोकळेपणाने करू शकतात. पण टू-स्ट्रोकचा आवाज कोसभर आधी पोचतो. राजदूत शिवारात शिरली तेव्हा शेडमधून ट्रॅक्टर मागच्या दाराने निघून किल्ल्याच्या चढाला लागलेला होता, आणि नव्या हेडमुळे चढावर त्याचा आवाजही येत नव्हता.

उस्तादांनी अंगणात गाडी लावली. काखेत फडक्यात गुंडाळलेला टॉर्क पाना.

"पाटीलसाब?"

मामीने गहू निवडता निवडता किल्ल्याकडे हात केला. "तिकडं गेलेत. तो पाना फडक्यातून काढू नका, वरून त्याला चमक दिसते. चहा घेता?"